इंग्रजी वाक्यात ‘-इंग’ आणि ‘-एड’च्या शेपटाआधी कॉमा कधी द्यायचा?

दोन_ओळी

अपघाताचे अहवाल, यंत्रांची माहितीपुस्तकं, करारनामे यांचं मराठीतून इंग्रजीत भाषांतर करताना एक जागा हमखास अडते. वाक्याच्या शेवटी ‘-इंग’चं शेपूट येतं, आणि त्याच्या आधी कॉमा हवा की नको हे ठरत नाही. हे पाहा:

(अ) द ट्रक हिट अ पोल ब्लॉकिंग द रोड.
(आ) द ट्रक हिट अ पोल, ब्लॉकिंग द रोड.

वाचताना दोन्ही बरोबर वाटतात. ‘थांबावंसं वाटलं की कॉमा’ हे शाळेतलं सूत्र इथे चालत नाही, कारण थांबलं काय, न थांबलं काय, कानाला दोन्ही गोड लागतात. डोक्यात मराठी चालू असताना लावता येईल असा काही नियम आहे का? उदाहरणं नागरीतच लिहूया, म्हणजे सलग वाचता येतील.

खडूफळा

दोन्ही बरोबर आहेत, पण अपघात दोन वेगळे झाले आहेत.

(अ) मध्ये रस्ता आधीपासून अडलेला होता. आडव्या पडलेल्या खांबाने तो अडवला होता, आणि ट्रक येऊन त्यावर आदळला. (आ) मध्ये रस्ता मोकळा होता. ट्रक आदळला म्हणून तो अडला. विम्याच्या दाव्यात हा फरक चांगलाच महाग पडेल.

कॉमा नसेल तर शेपूट लगतच्या नामाला चिकटतं. कॉमा दिला की ते त्या नामावरून उडी मारतं आणि कर्त्याकडे किंवा अख्ख्या घटनेकडे जातं. हे शेपूट म्हणजे पार्टिसिपल, आपल्या व्याकरणातलं धातुसाधित.

आता मराठी चाचणी. शेपटाला ‘-णारा’ किंवा ‘-लेला’ लावून ते नामाच्या आधी नेऊन बघा. ‘रस्ता अडवणाऱ्या खांबावर ट्रक आदळला’ असं म्हणायचं असेल तर कॉमा नाही. ‘ट्रक खांबावर आदळला आणि त्यामुळे रस्ता अडला’ असं म्हणायचं असेल तर कॉमा.

आणखी एक जोडी, कारखान्यातली:

द टेक्निशियन रिप्लेस्ड द व्हॉल्व्ह कॉझिंग द लीक.
द टेक्निशियन रिप्लेस्ड द व्हॉल्व्ह, कॉझिंग द लीक.

पहिल्यात गळणारा व्हॉल्व्ह बदलून माणसाने काम फत्ते केलं. दुसऱ्यात व्हॉल्व्ह बदलताना त्यानेच गळती करून ठेवली. एका टिंबाएवढ्या खुणेने तंत्रज्ञाच्या नावावर दोष चढला.

आपल्याला हे अडतं याचं कारण शब्दक्रमात आहे. मराठीत विशेषण होणारं धातुसाधित नामाच्या आधीच बसतं, त्यामुळे कोण कोणाचं हा प्रश्न जागेवरच सुटतो. इंग्रजीत तेच मागे लटकतं. मागे लटकणाऱ्या गोष्टीची मालकी सांगायला काहीतरी खूण लागते.

आडवी_रेघ

चाचणी चांगली आहे, पण अर्धी. ‘-लेला’ लागतो तिथे कॉमा नाही, हे सरसकट धरलं तर फसाल.

‘१८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मलेले टिळक’ हे मराठीत निर्वेध चालतं. इंग्रजीत मात्र ‘टिळक, बॉर्न इन रत्नागिरी इन १८५६,’ असे दोन्ही बाजूंनी कॉमा लागतात. टिळक कोण हे वाचकाला आधीच कळलेलं आहे, जन्माचा तपशील ही वरची माहिती. कॉमा काढले तर ‘टिळक पुष्कळ आहेत, त्यांतले रत्नागिरीत जन्मलेले’ असा सूर लागतो.

म्हणून दुसरा प्रश्न विचारायचा: हे शेपूट काढलं तर नेमकं कोण किंवा कोणतं हे कळेनासं होतं का? होत असेल तर कॉमा नाही. नसेल होत तर कॉमा, आणि वाक्याच्या मध्यात असेल तर जोडीने.

खरेदी विभागातली जोडी घ्या:

द पाइप्स बॉट इन मे आर लीकिंग.
द पाइप्स, बॉट इन मे, आर लीकिंग.

पहिल्यात मे महिन्यात घेतलेले तेवढेच पाइप गळतात, बाकीचे ठीक. दुसऱ्यात सगळेच गळतात, आणि जाता जाता कळतं की ते मे महिन्यात घेतले होते. पुरवठादाराला किती पाइप परत घ्यायला लावायचे ते या दोन कॉमांवर अवलंबून आहे. गंमत अशी की ‘मे महिन्यात घेतलेले पाइप गळतायत’ या मराठी वाक्यात दोन्ही अर्थ बसतात. म्हणजे इथे मराठी मूळच संदिग्ध आहे, आणि भाषांतरकाराला विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. मराठीतच नेमकं लिहायचं तर ‘जे पाइप मे महिन्यात घेतले ते’ किंवा ‘हे सगळे पाइप’ असं काहीतरी घालावं लागतं.

आणि एक: ‘द पाइप्स बॉट इन मे, आर लीकिंग’ असा एकुलता एक कॉमा कधीही देऊ नका. कर्ता आणि क्रियापद यांच्यात भिंत उभी राहते. एक तर दोन, नाहीतर शून्य. आपल्याकडच्या इंग्रजी कार्यालयीन पत्रांत सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच असावी. कर्ता लांबला की हात आपोआप कॉमाकडे जातो.

खडूफळा

मान्य. मग क्रम असा: आधी शेपूट कोणाचं ते ठरवायचं. लगतच्या नामाचं नसेल तर कॉमा, विषय संपला. नामाचं असेल तर ते नाम ओळखायला शेपूट लागतं का हे विचारायचं.

वेलदोडा

थांबा, एक मोठी पळवाट राहिली. ‘तो धावत आला’ याचं इंग्रजी ‘ही केम रनिंग’. शेपूट कर्त्याचं आहे, तरी कॉमा नाही! तुमच्या क्रमाने गेलं तर ‘ही केम, रनिंग’ होईल, आणि ते चूक आहे.

इथे ‘-इंग’ शब्द शेपूट नाहीच, तो क्रियापदाचाच अर्धा भाग आहे. असे गट लक्षात ठेवलेले बरे:

चालण्या-बसण्याची क्रियापदं: ‘केम रनिंग’, ‘सॅट रीडिंग’, ‘स्टुड वेटिंग’, ‘वेंट शॉपिंग’. मराठीतही हे जोडूनच येतं: धावत आला, वाचत बसली, वाट बघत उभे होते.

वेळ, पैसा, त्रास: ‘ही स्पेंट टू अवर्स लुकिंग फॉर द की’, ‘दे हॅड ट्रबल फाइंडिंग द हाउस’, ‘शी इज बिझी पॅकिंग’. शेपूट काढून वाचा, वाक्य अधांतरी राहतं. दोन तास घालवले, पण कशात?

पाहणं, ऐकणं, सापडणं, पकडणं, ठेवणं: ‘आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड’, ‘वी हर्ड समवन नॉकिंग’, ‘दे कॉट द बॉय स्टीलिंग मँगोज’, ‘डोंट कीप देम वेटिंग’. इथे मराठीत ‘-ताना’ येतं: त्याला रस्ता ओलांडताना पाहिलं.

या तिसऱ्या गटात चुकून कॉमा पडला तर माणसं बदलतात. ‘आय सॉ हिम, क्रॉसिंग द रोड’ म्हणजे रस्ता मीच ओलांडत होतो. ‘दे कॉट द बॉय, स्टीलिंग मँगोज’ मध्ये आंबे पकडणाऱ्यांनीच चोरले. मराठीतल्या ‘-ताना’लाही हा दुटप्पीपणा आहे, म्हणा. ‘रस्ता ओलांडताना त्याला पाहिलं’ यात ओलांडणारा कोण? शब्द पुढेमागे करूनच ते सोडवावं लागतं.

गोंधळेकर

आणि ‘यूझिंग’चं काय? माहितीपुस्तकांत ते दर दोन ओळींना येतं.

वेलदोडा

‘यूझिंग’चा अर्थ बहुतेक वेळा नुसता ‘-ने’ असतो. ‘कट द वायर यूझिंग प्लायर्स’: पक्कडीने तार कापा. ‘पक्कडीने’च्या आधी जसं आपण अडखळत नाही तसंच इथेही. कॉमा नको.

पण ‘टाइटन द बोल्ट, मेकिंग शुअर द वॉशर स्टेज फ्लॅट’ यात कॉमा हवा, कारण बोल्ट आवळायला सांगून झालं आहे आणि वर एक काळजी घ्यायला सांगितली आहे. तसंच ‘ओपन द टॉप कॉक, अलाउइंग द एअर टु एस्केप’. कॉमा काढलात तर ‘हवा जाऊ देणारा कॉक उघडा’ असा अर्थ निघतो, आणि वाचणारा तसला वेगळा कॉक शोधत बसेल.

‘बाय’, ‘विदाउट’, ‘आफ्टर’, ‘बिफोर’ पुढे असतील तर हा प्रश्नच वेगळा. शेवटी आले तर साधारणपणे कॉमा लागत नाही: ‘स्विच ऑफ द मेन बिफोर ओपनिंग द पॅनेल’. सुरुवातीला आले तर तुकडा संपल्यावर कॉमा.

गोंधळेकर

सुरुवातीला आलेल्या साध्या ‘-इंग’नंतर कॉमा नेहमीच?

प्रूफखिळा

जवळजवळ नेहमीच. ‘ओपनिंग द डोअर, शी लुक्ड इन.’ ‘हॅविंग ईटन, दे लेफ्ट.’ ‘बिल्ट ऑफ बेसॉल्ट, द वॉल स्टेज कूल.’ सुरुवातीला ‘इन मे’, ‘ऑन मंडे’ असा छोटा तुकडा असेल तर कॉमा गाळण्याची सूट बरेच संपादक घेतात. धातुसाधिताला ती सूट नाही, तुकडा दोन शब्दांचा असला तरी.

अपवाद दोन.

एक, ‘-इंग’ स्वतःच कर्ता असेल तर: ‘ओपनिंग द डोअर टुक टेन मिनिट्स’. मराठीत हे ‘-णं’ होतं: दार उघडणं, दार उघडायला. ‘ओपनिंग द डोअर, टुक टेन मिनिट्स’ ही वर सांगितलेल्या भिंतीचीच आवृत्ती. ओळखायची खूण सोपी आहे. तुकडा संपल्यावर लगेच क्रियापद आलं तर कॉमा नाही, नवा कर्ता आला तर कॉमा.

दोन, वाक्य उलटं फिरवलेलं असेल तर: ‘स्टँडिंग ॲट द गेट वॉज ॲन ओल्ड वॉचमन’. इथे ‘वॉज स्टँडिंग’ हे एकच क्रियापद फोडून अर्धं पुढे आणलंय. इथेही तुकड्यामागे लगेच क्रियापदच येतं, त्यामुळे तीच खूण चालते. शिकागोच्या विद्यापीठाची १९०६ पासून निघणारी संपादन-नियमावली (अठरावी आवृत्ती २०२४ ची) हेच सांगते.

आता ज्याच्यावर मुद्रितं अडकतात ते: ‘अँड’च्या पुढे तुकडा आला तर. ‘ही स्टॉप्ड अँड, लुकिंग बॅक, वेव्ह्ड.’ कॉमा ‘अँड’च्या नंतर येतो, आधी नाही, आणि जोडीतला दुसरा विसरायचा नाही. ‘ही स्टॉप्ड, अँड लुकिंग बॅक, वेव्ह्ड’ हे इतक्या ठिकाणी छापलेलं दिसतं की बरोबर वाटायला लागतं. बोट ठेवून तपासा: दोन कॉमांमधला मजकूर काढला तर राहतं ‘ही स्टॉप्ड वेव्ह्ड’. मोडलं.

आडवी_रेघ

यालाच जोडून: सुरुवातीचा कॉमा बरोबर पडला म्हणजे वाक्य बरोबर झालं असं नाही. ‘वॉकिंग होम, अ डॉग बिट मी’ यात कॉमा अगदी जागेवर आहे, पण घरी चालत निघालेला कुत्रा आहे. सुरुवातीच्या शेपटाचा धनी म्हणजे कॉमानंतर येणारा पहिला कर्ता. आपल्या ‘-ऊन’लाही साधारण हेच बंधन आहे; ‘जेवण करून पाऊस आला’ म्हटलं की जेवला कोण ते विचारावंसं वाटतं. ‘-ल्यावर’ला मात्र हे बंधन नाही, ‘जेवल्यावर पाऊस आला’ चालतं. मराठीतून येणारी चूक इथून येते: ‘-ल्यावर’चं वाक्य डोक्यात असतं आणि कागदावर ‘हॅविंग’ उतरतं. ‘-ल्यावर’ला ‘आफ्टर’ किंवा ‘व्हेन’ घेऊन त्यात कर्ता घाला, ‘-ऊन’ला ‘हॅविंग’.

कलम_क्रमांक

करारनाम्यांचा उल्लेख झाला म्हणून. शेपटाआधीच्या कॉमाचा प्रश्न थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलेला आहे.

लॉकहार्ट विरुद्ध युनायटेड स्टेट्स, मार्च २०१६. एका फौजदारी कायद्यात आधीच्या ठरावीक शिक्षेमुळे किमान १० वर्षांची कैद सक्तीची होत होती. त्यासाठी लैंगिक गुन्ह्यांचे तीन प्रकार एकापुढे एक दिले होते, आणि तिसऱ्यानंतर कॉमा न देता शेपूट होतं: ‘इन्व्हॉल्व्हिंग अ मायनर ऑर वॉर्ड’, म्हणजे अल्पवयीन किंवा ताब्यातील व्यक्तीबाबतचा. आरोपीचा जुना गुन्हा प्रौढ व्यक्तीबाबतचा होता. शेपूट तिन्ही प्रकारांना लागलं तर तो सुटतो, फक्त तिसऱ्याला लागलं तर अडकतो.

न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी शेपूट फक्त शेवटच्या प्रकाराला लावलं. न्यायमूर्ती सोटोमायर यांच्या निकालपत्राचा एक आधार जुना अर्थनियम होता: मर्यादा घालणारा तुकडा लगतच्या नामालाच लागतो, दुसरा काही पुरावा नसेल तर. न्यायमूर्ती केगन यांनी विरोधी मतात रोजच्या बोलण्याकडे बोट दाखवलं. अमुक चित्रपटाशी संबंधित नट, दिग्दर्शक किंवा निर्माता भेटावा असं कोणी म्हणालं, तर ऐकणारा ‘संबंधित’ तिघांनाही लावतो. (हे मराठीत लिहिताना ‘संबंधित’ यादीच्या आधी गेलं आणि प्रश्नच मिटला, बघा. खडूफळा म्हणाले तेच.)

मसुदा करणाऱ्याने यातून काय घ्यायचं? यादीनंतर कॉमा देऊन शेपूट लावलं तर ते सगळ्या यादीला लागतं असं मानण्याकडे कल असतो, पण त्यावर विसंबून राहू नये. सगळ्यांना लावायचं तर शेपूट पुढे आणा: ‘एनी ऑफ द फॉलोइंग इन्व्हॉल्व्हिंग अ मायनर’, मग यादी. एकालाच लावायचं तर तो प्रकार वेगळ्या उपकलमात टाका. करारात कॉमाने काम भागवणं म्हणजे दोरीऐवजी सुतळीने गाठोडं बांधणं.

दुसरं, जास्त प्रसिद्ध. अमेरिकी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती, १७९१. ‘अ वेल रेग्युलेटेड मिलिशिया, बीइंग नेसेसरी टु द सिक्युरिटी ऑफ अ फ्री स्टेट,’ आणि मग शस्त्र बाळगण्याचा हक्क. यात ‘मिलिशिया’ (नागरिकांचं सैन्यदल) आणि ‘बीइंग’ यांच्यात कॉमा आहे. आजच्या रिवाजाने तो चूक आहे, कारण हा स्वतंत्र धातुसाधित तुकडा आहे: त्याचा कर्ता त्याच्यातच आहे, पुढच्या वाक्यात नाही. मराठीत ‘मिलिशिया आवश्यक असल्यामुळे’. ‘मिलिशिया’ आणि ‘असल्यामुळे’ यांच्या मध्ये तोडणार का? काँग्रेसने मंजूर केलेल्या प्रतीत एकूण तीन कॉमा आहेत, त्या काळी फिरलेल्या काही प्रतींत एकच. २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दुसऱ्या कॉमाकडे बोट दाखवत वाक्याचे दोन भाग पाडले. २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही ५ विरुद्ध ४ मतांनी पहिला भाग प्रास्ताविक आणि दुसरा प्रत्यक्ष हक्क देणारा धरला, फक्त कॉमांवर नव्हे, इतिहासाच्या लांबलचक चर्चेनंतर.

प्रूफखिळा

या स्वतंत्र तुकड्याची रोजची रूपं: ‘द वर्क फिनिश्ड, दे वेंट होम’ (काम संपल्यावर), ‘वेदर परमिटिंग, द फेरी लीव्हज ॲट सिक्स’ (हवामानाने साथ दिली तर), ‘इट बीइंग संडे, द बँक वॉज क्लोज्ड’ (रविवार असल्यामुळे). कॉमा अख्ख्या तुकड्यानंतर एकच. नाम आणि धातुसाधित यांच्या मध्ये कधीच नाही.

सुपारी_कातर

एवढी यातायात करण्यापेक्षा कॉमा हे प्रकरणच आपलं नव्हे असं म्हणून सोडून द्यावं. मोडीत कुठे होते कॉमा?

आडवी_रेघ

मोडीत शब्दांमध्ये जागाही सोडत नसत, ते वाचायचं का आता? मराठीत विरामचिन्हं इंग्रजीच्या वळणानेच आली. १८५०च्या आसपास मेजर थॉमस कँडी यांनी ती रुजवण्यासाठी बरीच खटपट केली. पण मराठी कॉमा आपण बहुतेक विसाव्यासाठी देतो, कारण मालकी प्रत्यय आणि शब्दक्रम सांगतात. इंग्रजी कॉमा मालकी सांगतो. मराठी सवयीने इंग्रजीत कॉमा पेरले की हा गोंधळ होतो.

दोन_ओळी

सगळ्यांचे आभार. तीन वाक्यं तपासून द्याल का?

१) द कंपनी मेक्स पंप्स, डिझाइन्ड फॉर सॉल्टी वॉटर.
२) द वर्कर्स केम आउट एक्झॉस्टेड बाय द हीट.
३) हेवी रेन फेल ऑन मंडे, रिझल्टिंग इन फ्लडिंग, द स्कूल्स वेअर क्लोज्ड.

खडूफळा

१) कंपनी खाऱ्या पाण्यासाठीचेच पंप करत असेल आणि ‘पंप’ म्हटल्यावर वाचकाला तेच कळत असतील तर कॉमा राहू दे. ‘कोणते पंप’ याचं उत्तर शेपटात असेल तर काढा. बहुधा काढावा लागेल, कारण नुसतं ‘कंपनी पंप बनवते’ हे तुम्हाला सांगायचं नसणार.

२) ‘केम आउट एक्झॉस्टेड’ एवढंच असतं तर ‘केम रनिंग’सारखं कॉमाशिवाय चाललं असतं. ‘बाय द हीट’ने तुकडा लांबवलाय, म्हणून कॉमा दिलेला बरा: ‘केम आउट, एक्झॉस्टेड बाय द हीट’. ‘आउट’ हे नाम नसल्यामुळे अर्थ मात्र कुठेच भरकटत नाही, त्यामुळे इथे सक्ती नाही.

प्रूफखिळा

३) मध्ये कॉमा द्यायचा की नाही हा प्रश्नच नाही, वाक्यं दोन आहेत. मधलं शेपूट दोन्हीकडे बघतंय. पावसामुळे पूर आला असं मागे जोडायचं, की पूर आल्यामुळे शाळा बंद असं पुढे? मागे जोडायचं तर: ‘हेवी रेन फेल ऑन मंडे, रिझल्टिंग इन फ्लडिंग. द स्कूल्स वेअर क्लोज्ड.’ पुढे जोडायचं तर ‘रिझल्टिंग’ चालणार नाही, कारण शाळांमुळे पूर आला असं होईल. मग ‘हेवी रेन फेल ऑन मंडे. द स्ट्रीट्स बीइंग फ्लडेड, द स्कूल्स वेअर क्लोज्ड.’

दोन_ओळी

मूळ मराठीत ‘पूर आल्याने शाळा बंद होत्या’ असं आहे, म्हणजे पुढे. पण ‘बीइंग फ्लडेड’ वर्तमानपत्राच्या बातमीत जरा जड नाही का वाटणार?

प्रूफखिळा

वाटेल. बातमीत ‘द स्कूल्स वेअर क्लोज्ड बिकॉज ऑफ द फ्लडिंग’ लिहा. कॉमा नाही, शेपूटही नाही.